दगडावर शाईने लिहिलेला ठावठिकाणा: वडिलांची अश्महत्यारे आणि काकांच्या इजिप्तच्या वस्तू

प्रवरातीर (धागाकर्ते)

माझे वडील नेवासे तालुक्यात शिक्षक होते. १९५४ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली नेवाशाचे उत्खनन सुरू झाले, तेव्हा ते वर्गातील मुलांना घेऊन ते पाहायला गेले, आणि त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे सुट्टीच्या दिवशी प्रवरेच्या काठाने एकट्याने फिरत राहिले. त्या भटकंतीत गोळा केलेले १४३ दगड आमच्या वाड्यातील एका सागवानी पेटीत आहेत. प्रत्येक दगडावर काळ्या शाईने एक बारीक आकडा आहे, आणि त्या आकड्यापुढे जागा, तारीख आणि ‘खालचा थर’ किंवा ‘वरचा थर’ अशी नोंद असलेली एक वहीही त्याच पेटीत आहे.

त्याच पेटीच्या वरच्या कप्प्यात धाकट्या काकांच्या वस्तू आहेत. काका मालवाहू जहाजावर इंजिनीअर होते आणि त्यांचे जहाज सुएझ कालव्यातून अनेकदा जात असे. निळसर हिरव्या रंगाच्या, बोटभर उंचीच्या चार मूर्ती, बारीक मण्यांची एक माळ आणि टोकाला माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली, पिवळसर चकमकीच्या दगडाची एक पातळ सुरी, एवढ्या वस्तू वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या आहेत. त्यांच्यावर एकही अक्षर लिहिलेले नाही.

वाडा लवकरच पाडायचा आहे. मुलाचे म्हणणे असे की दगड नदीवर परत ठेवून द्यावेत आणि इजिप्तच्या वस्तूंना बाहेर काय भाव येतो ते पाहावे. मला हे पटत नाही, पण का पटत नाही हे मला त्याला नीट सांगता आलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

गारगोटी

सर्वप्रथम एक कळकळीची विनंती: दगड नदीवर ठेवू नका. एकदा ते दुसऱ्या गारगोट्यांत मिसळले की आपल्या वडिलांची पंधरा वर्षांची मेहनत एका दुपारी संपेल.

वहीतील ‘खालचा थर’ आणि ‘वरचा थर’ या दोन शब्दांना फार मोठा अर्थ आहे. नेवाशाजवळ प्रवरेच्या कड्यांमध्ये बेसाल्टच्या तळखडकावर गोट्यांचा एक सिमेंटसारखा घट्ट झालेला थर आहे, आणि त्यात काळ्या बेसाल्टच्या आणि डोलेराइटच्या हातकुऱ्हाडी व फरश्या (रुंद, सरळ धारेची हत्यारे) सापडतात. त्याच्यावर गाळ आहे आणि त्याच्याही वर बारीक गोट्यांचा दुसरा थर आहे, ज्यात चर्ट, जॅस्पर, अकीक अशा गुळगुळीत दगडांच्या छिलक्यांपासून (ठोकून काढलेल्या कपच्यांपासून) केलेल्या तासण्या आणि टोचे मिळतात. हा दुसरा उद्योग वेगळा आणि नंतरचा आहे, हे सांकलियांनी याच जागी थरांच्या आधाराने दाखवले, आणि म्हणूनच मध्य पुराश्मयुगातील त्या हत्यारांना ‘नेवासियन’ हे नाव मिळाले. पुढे १९६६ ते १९६९ या काळात पुरातत्त्वज्ञ गुद्रुन कॉर्विनस यांनी जवळच्या चिरकी ओढ्याच्या मुखाशी उत्खनन करून पूर्व पुराश्मयुगातील हजारो हत्यारे जागच्या जागी नोंदवली. आपले वडील ज्या वर्षांत फिरत होते, नेमकी तीच ही वर्षे आहेत.

नदीकाठी सुटा पडलेला दगड हत्यार आहे की पाण्याने फुटलेला गोटा आहे, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. माणसाने ठोकून काढलेल्या छिलक्यावर घाव बसलेल्या जागेच्या खाली एक लहानसा फुगवटा येतो आणि तिथून तलावात खडा टाकल्यावर उठतात तशा वलयांच्या रेषा पसरतात. हातकुऱ्हाडीवर असे छिलके दोन्ही बाजूंनी, एका कडेकडे रोख ठेवून, एकामागून एक काढलेले दिसतात. नदीच्या आदळआपटीने असा रोख येत नाही. कडा बोथट आणि गुळगुळीत झाल्या असतील तर तो दगड वाहत आलेला आहे, आणि धारदार राहिल्या असतील तर जिथे घडवला गेला तिथेच किंवा त्याच्या आसपास तो राहिलेला असावा. आपल्या १४३ दगडांपैकी काही हत्यारे नसतीलही. तरीही सर्व एकत्रच ठेवा, कारण वेचणाऱ्याने काय वेचले, हीसुद्धा एक नोंदच आहे.

नाईलकाठ

इजिप्तबद्दल मी लिहितो, पण सुरुवात आपल्या वडिलांच्या शाईपासूनच करावी लागेल.

१८९४-९५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पीट्री आणि त्यांचे सहकारी क्विबेल यांनी नाईलच्या पश्चिम काठावर नकादा आणि बल्लास येथे दोन हजारांहून अधिक कबरी उघडल्या. त्यांत पाय पोटाशी घेऊन कुशीवर निजवलेले मृतदेह होते आणि सोबत लाल-काळी मडकी, पाटीच्या दगडाच्या रंग वाटायच्या पाट्या, हस्तिदंती फण्या आणि चकमकीच्या अप्रतिम सुऱ्या होत्या. लेख मात्र एकही नव्हता. पीट्रींना वाटले की हे बाहेरून इजिप्तमध्ये घुसलेले एखादे ‘नवे’ लोक असावेत. ते चुकले होते. या कबरी पहिल्या फॅरोच्याही आधीच्या, म्हणजे प्रागैतिहासिक इजिप्तच्या आहेत, हे जाक द मॉर्गन यांनी दोन-तीन वर्षांतच दाखवले आणि पुढे पीट्रींनी ते मान्य केले.

आता प्रश्न असा उभा राहिला की लेख नाहीत, राजांची नावे नाहीत, मग या कबरींपैकी आधीची कोणती आणि नंतरची कोणती? पीट्रींनी जे केले ते मला आजही थक्क करते. ज्यांत पुरेशा प्रकारची मडकी होती अशा सुमारे ९०० कबरी त्यांनी निवडल्या, प्रत्येक कबरीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी केली आणि त्या कबरीत कोणकोणत्या प्रकारची मडकी निघाली ते तिच्यावर लिहिले. मग त्या पट्ट्या वर-खाली सरकवत ते असा क्रम शोधत गेले, ज्यात प्रत्येक प्रकार एकदा सुरू होईल, काही काळ टिकेल आणि मग संपेल. त्यांना दिशा दाखवली ती नागमोडी कानांच्या मडक्यांनी. सुरुवातीला हे मडके फुगीर पोटाचे असते आणि त्याचे कान खरोखर हाताने धरता येतात. पुढे मडके निमुळते होत जाते, कान आखूड होतात, आणि अखेरीस नळकांड्यासारख्या सरळ भांड्यावर कानांची आठवण म्हणून फक्त एक नागमोडी रेघ उरते. अशा रीतीने त्यांनी ३० ते ८० असे क्रमांक दिले आणि अधिक जुने काही सापडल्यास जागा असावी म्हणून १ ते २९ हे आकडे मोकळे ठेवले. ही मांडणी त्यांनी १८९९ साली जाहीर केली आणि १९०१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली.

हे सर्व कशाच्या बळावर शक्य झाले? कोणते मडके कोणत्या कबरीतून निघाले, हे लिहून ठेवलेले होते म्हणून. तीच दोन हजार कबरींतील मडकी बाजारातून एकेक करून विकत घेतली असती, तर त्यांचा सुंदर संग्रह झाला असता, पण त्यांतून काळाचा एक धागाही हाती लागला नसता. गंमत म्हणजे पीट्रींच्या उत्खननातील वस्तू पुढे वाटणीत जगभरच्या संग्रहालयांत विखुरल्या, आणि आज अभ्यासक त्या पुन्हा आपापल्या कबरीशी जोडतात तेव्हा त्यांना पुष्कळदा भांड्यावर शाईने लिहिलेल्या कबरीच्या क्रमांकाचाच आधार असतो. आपल्या वडिलांनी शाळेतल्या शाईने तेच केले आहे.

चार मूर्ती ‘उशब्ती’, म्हणजे मृतासोबत थडग्यात ठेवायच्या सेवकांच्या मूर्ती, असाव्यात. त्यांची आणि सुरीची छायाचित्रे द्यावीत, मग पुढे लिहितो.

जुनी पेटी

मी स्वतः संग्राहक आहे, म्हणून मला दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. संग्रह करणाऱ्या हौशी माणसांनीच हे शास्त्र उभे केले, हे येथे विसरले जाऊ नये. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना हातकुऱ्हाड सापडली आणि भारताच्या प्रागैतिहासाची सुरुवात झाली. ते पेशाने भूगर्भशास्त्रज्ञ होते, पुरातत्त्व हा त्यांचा छंद होता, आणि चाळीस वर्षांत जमवलेला त्यांचा संग्रह १९०४ साली मद्रासच्या शासकीय संग्रहालयाने घेतला. इजिप्तमध्येही तसेच घडले. जनरल पिट-रिव्हर्स १८८१ साली थीब्सला (आजच्या लक्सरला) गेले, तेव्हा तिथल्या प्राचीन थडग्यांच्या भिंतींतच त्यांना माणसाने घडवलेले चकमकीचे छिलके रुतलेले दिसले. ज्या घट्ट वाळू-गोट्यांत थडगी कोरली, त्या थरातच ते छिलके होते. म्हणजे फॅरोंच्या कारागिरांच्याही आधी कितीतरी काळ तेथे माणूस होता, हे एका संग्राहकाच्या नजरेने सिद्ध झाले. वाडी एल-शेख येथील चकमकीच्या खाणी शोधणारे सेटन-कार हे तर शिकारी होते.

घरात जपलेली वस्तू निदान डोळ्यांसमोर असते. सरसकट सर्व संग्राहकांना दोषी ठरवणे मला अन्यायकारक वाटते.

नाईलकाठ

जुनी पेटी, आपण दिलेली तिन्ही उदाहरणे मला मान्य आहेत, आणि मला वाटते त्यांतच उत्तर आहे. फूट यांनी आपल्या संग्रहाची जागावार यादी केली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. पिट-रिव्हर्स यांचे छिलके महत्त्वाचे ठरले ते थडग्याच्या भिंतीत होते म्हणून. तेच छिलके त्यांनी लक्सरच्या दुकानातून घेतले असते तर त्यांनी काहीच सिद्ध केले नसते. संग्रह करणे हा दोष नाही, जागा पुसून टाकणे हा दोष आहे, आणि दुर्दैवाने बाजार जवळजवळ नेहमी जागा पुसतो, कारण विकणाऱ्याला ती सांगणे परवडत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण लूव्र संग्रहालयात आहे. गेबेल एल-अराकची सुरी म्हणून प्रसिद्ध असलेली ही वस्तू १९१४ साली कैरोतील एका व्यापाऱ्याकडून विकत घेतली गेली. पाते चकमकीचे, लाटांसारखे छिलके काढून घडवलेले. मूठ प्राण्याच्या दाताची, आणि तिच्यावर मेसोपोटेमियाच्या पद्धतीच्या पोशाखातील एक पुरुष दोन सिंहांना आवरताना कोरलेला आहे. पाच हजार वर्षांपूर्वी नाईल आणि युफ्रेटिस यांच्यात कोणता संबंध होता, या प्रश्नावर याहून मोलाची वस्तू क्वचितच असेल. पण ती कोणाच्या कबरीत होती, शेजारी काय होते, ते कोणालाही सांगता येत नाही. गेबेल एल-अराक हे ठिकाणसुद्धा व्यापाऱ्याने सांगितलेले. ती बहुधा अबायडोस या नाईलकाठच्या प्राचीन दफनस्थळाची असावी, असे अभ्यासक मानतात.

थडग्यांच्या बाबतीत तर हे अधिकच क्लेशदायक आहे. कुर्ना गावातील अब्द एल-रसूल कुटुंबाला देर एल-बहरीजवळ राजांच्या ममींचा साठा सापडला होता आणि ते तेथील वस्तू कित्येक वर्षे थोड्या थोड्या विकत होते. बाजारात राजघराण्यातील नावांच्या उशब्ती आणि पपायरस दिसू लागले, त्यावरून अधिकाऱ्यांना संशय आला. जुलै १८८१ मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचे एमिल ब्रुग्श तेथे उतरले आणि लुटीच्या भीतीने, कोणती शवपेटी कुठे होती याचा नीट आराखडा न करता, अवघ्या काही दिवसांत सर्व साठा बाहेर काढला गेला. त्यात दुसऱ्या रामसेसची ममी होती. त्याच्या उलट, ४ नोव्हेंबर १९२२ रोजी तुतनखामेनच्या थडग्याची पहिली पायरी दिसल्यानंतर हॉवर्ड कार्टर यांनी ते रिकामे करायला सुमारे दहा वर्षे घेतली. प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येकीचे कार्ड, आणि हलवण्यापूर्वी हॅरी बर्टन यांनी काढलेले छायाचित्र. त्या थडग्यातील ४१३ उशब्तींपैकी कोणती कुठल्या पेटीत होती, हे आपण आज सांगू शकतो ते त्या कार्डांमुळे.

प्रवरातीर

आपणा सर्वांचे आभार. छायाचित्रे जोडली आहेत. दरम्यान, काकांची पत्रे आत्याच्या घरी निघाली, आणि त्यांत दोन पत्रे या विषयाची आहेत.

पहिले पोर्ट सैदहून ऑक्टोबर १९५७ चे. कालवा त्याच वर्षी पुन्हा सुरू झाला होता. काका लिहितात की जहाज नांगरलेले असताना फेरीवाले होड्या घेऊन बाजूला येतात, दोरीने टोपल्या वर चढवतात, आणि त्यांच्याकडून त्यांनी ‘राजाच्या थडग्यातल्या’ चार निळ्या बाहुल्या आणि एक माळ घेतली. दुसरे पत्र १९५९ चे. जहाज दुरुस्तीसाठी अलेक्झांड्रियाला थांबले असताना ते आगगाडीने कैरोला गेले आणि तेथील मोठ्या संग्रहालयाच्या विक्रीच्या दालनातून त्यांनी दगडी सुरी घेतली. त्या पत्राला टाचणीने शिक्क्याची पावती लावलेली आहे.

संग्रहालय स्वतःच वस्तू विकत असे, हे वाचून मला धक्का बसला.

नाईलकाठ

आज धक्का बसतो खरा, पण ते खरे आहे. कैरोच्या इजिप्शियन संग्रहालयाचे विक्री-दालन १९७९ पर्यंत चालू होते, आणि १९५१ च्या कायद्यानुसार परवानाधारक व्यापाऱ्यांनाही विक्री करता येत असे. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने हा सर्व व्यापार बंद झाला. म्हणून ती पावती सुरीइतकीच जपा. पावती आणि पत्र नसते, तर ही सुरी कधी आणि कशी बाहेर पडली हे कोणालाही सिद्ध करता आले नसते. नव्वदीच्या दशकात एका इंग्रज तस्कराने खऱ्या वस्तूंवर प्लास्टिकचा थर देऊन त्या स्वस्त आठवणवस्तूंसारख्या रंगवल्या आणि बाहेर काढल्या. न्यूयॉर्कमधील त्याच्या साथीदार व्यापाऱ्याला २००२ साली दोषी ठरवले गेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही २०१७ मध्ये विकत घेतलेली नेजेमांख या पुजाऱ्याची सोनेरी शवपेटी २०१९ मध्ये इजिप्तला परत केली, कारण तिची कागदपत्रे बनावट निघाली.

आता वस्तूंविषयी. उशब्ती म्हणजे ‘उत्तर देणारा’. परलोकात मृताला शेतकामासाठी, वाळू वाहण्यासाठी बोलावले गेले तर त्याच्याऐवजी ‘मी हजर आहे’ असे म्हणून उठणारा हा सेवक. उत्तरकाळातील संपन्न थडग्यांत वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक असे ३६५ आणि दर दहा जणांमागे एक मुकादम असे ३६, एकूण ४०१ ठेवण्याची रीत होती. अशा निळ्या उशब्ती मातीच्या नसून फायन्सच्या असतात, म्हणजे गारगोटीची भुकटी, चुना आणि नॅट्रॉन क्षार यांचे मिश्रण भाजून तांब्यामुळे आलेली निळाई. आपल्या चारही मूर्तींवरील चित्रलिपी छायाचित्रात मी वाचण्याचा प्रयत्न केला. तिची चिन्हे चिन्हांसारखी दिसतात, पण त्यांतून एकही शब्द तयार होत नाही, आणि चारही मूर्तींवर साच्याचा एकच ओरखडा आहे. बंदरावरील फेरीवाल्यांसाठी बनवलेल्या या प्रतिकृती आहेत, असे माझे मत आहे. माळेतील मणी मात्र जुने असू शकतात. थडग्यांतील सुटे मणी नव्या दोऱ्यात ओवून विकणे हा तेथील जुना धंदा होता.

सुरी पाहून माझे हात थरथरले. माशाच्या शेपटीच्या आकाराची ही सुरी नकादा काळात, म्हणजे फॅरोंच्या आधी, घडवली जात असे आणि कबरीत ठेवली जात असे. पुढे राजवंशांच्या काळात याच आकाराचे ‘पेसेश-काफ’ हे उपकरण मृताचे तोंड उघडण्याच्या विधीच्या सामग्रीत आले, ज्यामुळे मृताला पुन्हा श्वास घेता यावा, अन्न घेता यावे. धातू आल्यावरही त्या विधीसाठी दगडी उपकरणाचा आकार टिकून राहिला. अश्महत्यार आणि थडग्यातील वस्तू या दोन गोष्टी एकाच सुरीत अशा भेटतात. पण ती कोणत्या कबरीची, शेजारी नागमोडी कानांचे मडके होते की सरळ भांडे, हे पावतीवर नाही. १४३ ओबडधोबड दगडांना जे सांगता येते ते तिला सांगता येत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

जतनकर्मी

मी संग्रहालयातील जतनाचे काम करतो, म्हणून थोडक्यात व्यवहाराचे. दगड ब्रशने घासून किंवा साबणाने धुऊ नका. कडेला चिकटलेला सिमेंटसारखा थर खरवडू नका, कारण तो कोणत्या थरातून दगड आला याचा पुरावा आहे. शाई पुसट झाली असेल तर तिच्यावर पुन्हा गिरवू नका. तसाच फोटो घ्या आणि शेजारी कोरी जागा शोधून पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक कृत्रिम राळ) चा पातळ थर द्या, त्यावर क्रमांक लिहा आणि वर पुन्हा तोच थर द्या. हे पुढे अॅसिटोनने काढता येते. दगड एकमेकांवर आपटू देऊ नका, आज पडलेला छिलका उद्या प्राचीन समजला जाईल.

फायन्स पाण्यात भिजवू नका, आतले क्षार पृष्ठभागावर येऊन निळा थर उडतो. माळ तुटली तर घाईने ओवू नका. इजिप्तमधील गेर्झे येथे १९११ साली कबरीतून निघालेले लोखंडी मणी आज उल्कालोहाचे म्हणून ओळखले जातात, आणि ते सोने व रत्नांच्या मण्यांबरोबर ओवलेले होते हे ठाऊक आहे, ते उत्खननकर्त्याने माळेचा क्रम राखला म्हणूनच. वर्तमानपत्राचा कागद काढा, त्यातील आम्ल वस्तूला मारक आहे. मात्र तो कागद फेकू नका. त्यावर तारीख असेल.

गारगोटी

कायद्याचे दोन शब्द. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करता येत नाही. त्यामुळे परदेशी ग्राहकाचा विचार मुलाने मनातून काढून टाकावा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे पावती घेऊन एकदा जाऊन यावे. दगडांसाठी पुण्यात डेक्कन कॉलेजला पत्र लिहावे. सांकलियांनी नेवाशाचे काम तेथूनच केले. पत्रासोबत दगडांची नव्हे, वहीची छायाचित्रे पाठवा. अभ्यासकाला आधी वहीच हवी असेल.

प्रवरातीर

मुलाला हा संपूर्ण धागा वाचायला दिला. तो फारसे बोलला नाही, पण काल रात्री त्याने वही संगणकावर उतरवायला घेतली आहे. आम्ही क्रम बदललेला नाही आणि वडिलांचे शब्दही बदललेले नाहीत. एक नोंद येथे देतो:

‘क्र. ४७. काळा दगड, हातकुऱ्हाड, टोक मोडलेले (जुनेच). खालचा थर, उजवा काठ, पाण्यापासून चार हात वर. दगड कड्यातून अर्धा बाहेर होता, स्वतः काढला. पाऊस सुरू झाला.’

सुरी, पत्र आणि पावती एकाच खोक्यात ठेवली आहेत. चार मूर्तींवर ‘पोर्ट सैद, १९५७, होडीवरून घेतल्या, बहुधा प्रतिकृती’ अशी चिठ्ठी मी स्वतः लिहून बांधली.

एक अडचण उरली आहे. वहीतील एकोणीस नोंदींत जागा म्हणून फक्त शेताच्या मालकाचे नाव आहे, गट क्रमांक नाही, आणि ती नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. नेवासे आणि प्रवरासंगम यांच्यामधल्या गावांतील कोणी सदस्य येथे असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा.

काळी माती

माझे आजोळ त्याच पट्ट्यातले आहे. आजोबा नव्वदीच्या पुढे आहेत आणि जुन्या बांधांची नावे त्यांना तोंडपाठ आहेत. यादी पाठवा, येत्या रविवारी त्यांना घेऊन काठावर जातो, आणि प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश लिहून आणतो.